पूर्णेच्या वाळूची तलवार

जपानी मामा कुणावर विश्वास ठेवत नसत. कोळसा आणला की विकणाऱ्यासमोरच फोडून आतून ओला आहे का बघत. मी चहा पुढे केला तर आधी मला घोट घ्यायला लावत. "दुधाचं सांगता येत न्हाई," म्हणत.

हट्टा गावात माझं पंप दुरुस्तीचं दुकान आणि त्यांची भट्टी यांच्यात एकच भिंत. तरुणपणी मामा जपानात कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी ते एका म्हाताऱ्या तलवारकाराकडे घण मारायला जात. नदीच्या काळ्या वाळूतून पोलाद काढून तलवार घडवायची त्याची जुनी रीत त्याच्याबरोबरच संपणार होती. मामांनी ती पूर्णेच्या वाळूवर पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ते नदीकाठानं ओढत आणि चिकटलेली वाळू पोत्यात झटकत.

कुणी म्हणे गुप्तधन शोधतात, कुणी म्हणे हत्यारं विकतात. त्यात तापलेल्या पोलादाचा रंग नीट दिसावा म्हणून मामा भरदुपारी दारं-खिडक्या लावून घेत. आतून नुसता घणाचा आवाज. घण मारायच्या मामी, त्यांच्या पत्नी. माझ्याही मनात कधीमधी पाल चुकचुकायची.

एक दिवस पोलिसांची जीप आली. तलवारीचा परवाना मामांनी आधीच काढला होता. जमादारांनी तो पाहिला, आत एक नजर टाकली आणि ते गेले. जीप वळताच मामा माझ्या दारात.

"कुणी सांगितलं त्यांना?"

"मला काय ठाऊक, मामा?"

"भिंतीपल्याड तूच तर ऐकून राहिला."

मी नाही म्हणालो. त्यांनी ते ऐकून घेतलं, एवढंच. पुढे वर्षभर आमचं बोलणं बंद होतं.

मग मामींचा खांदा धरला आणि भिंतीपलीकडे सामसूम झाली. एका सकाळी मामा दुकानात येऊन माझ्या दंडाकडे बघत उभे राहिले.

"तू सांगितलं का न्हाई, ते मला अजून ठाव न्हाई," ते म्हणाले. "पण घण उचलशील का?"

राग आला होता, तरी गेलो. मामा हातोडीनं जिथं टोला देत, तिथंच माझा घण पडायला हवा. जरा हुकला की विचारत, "काहून? मुद्दाम?" पोलाद ठोकायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. मी घरी निघालो की माझ्यादेखत हत्यारं मोजून ठेवत.

थंडीत पातं तयार झालं. त्याला त्यांनी मातीचा लेप दिला, पाठीला जाड, धारेला पातळ. मग लाल करून पाण्यात बुडवलं. आधीची सगळी पाती इथंच तडकली होती. हे मात्र पाण्यात हळूच बाक घेऊन सावरलं. मामांनी टिचकी मारून ते कानाशी धरलं, मग माझ्यापुढे केलं.

"तू ऐक. माझ्या कानाचा भरोसा न्हाई."

मी ऐकलं. लांबवर जाणारा, स्वच्छ आवाज होता. "कुठं चीर न्हाई, मामा," म्हणालो. ते भट्टीसमोर बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत.

उन्हाळ्यात त्यांना धाप लागू लागली आणि मुलगी त्यांना परभणीला न्यायला आली. गाडीत बसल्यावर त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं.

"पोलिसांना तू सांगितलं नसशील."

"नसशील?"

"मला एवढंच म्हणता येतं, बाबा."

गाडी निघाली. पावसाळ्याआधीच मामा तिकडे वारले. त्यांच्या तोंडून एवढंही ऐकलेला माणूस हट्ट्यात दुसरा नसावा.