छत कापायचं की गाडीच बदलायची?

नाशिकहून सकाळी निघालो तेव्हा मी गाडीत आणि सुनंदा रेल्वेत, अशी आमची वाटणी झालेली होती. एकाच लग्नाला निघालेले नवरा-बायको दोन वाटांनी का जातात, हे शेजाऱ्यांना कोडंच आहे. माझी गाडी दोन सीटांची, लाल, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार. सुनंदा जिन्यावरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा पुरता वाकत नाही. या गाडीत शिरायचं तर आधी जवळजवळ उकिडवं व्हावं लागतं, आणि तिथेच सगळं अडतं. रेल्वेत निदान बर्थवर पाय लांब करता येतात. वर्षभर आम्ही असेच वेगवेगळे हिंडत होतो आणि मला ते फार बोचत होतं. गाडी घेतली तेव्हा शेजारची सीट तिचीच, हे इतकं गृहीत होतं की वेगळा विचारही केला नव्हता.

तेव्हा या प्रवासात कामं दोन. फुलंब्रीला सुनंदाच्या मावसभावाच्या मुलाचं लग्न, आणि त्याच्या आदल्या दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या गॅरेजात गाडी दाखवणं. एक तर तिला बसता येईल अशी ती करून घ्यायची, नाहीतर विकून उंच गाडी घ्यायची.

येवल्यापर्यंत मजेत आलो. वैजापूर सोडलं आणि स्पीडब्रेकर सुरू झाले. प्रत्येक गावाने आपापल्या हौसेप्रमाणे उंची ठरवलेली. मी गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचो, आणि मागच्या जीपवाल्यांचे हॉर्न निमूटपणे ऐकायचो. गंगापूरच्या फाट्यावर चहाला थांबलो, तर बाकावरचे एक आजोबा गाडीकडे बराच वेळ बघत राहिले.

“चारी चाकं पंक्चर झाली व्हय?”

“नाही हो, उंचीच एवढी आहे तिची.”

“मंग खड्ड्यात गेली तर हुडकायची कशी?” त्यांनी अगदी काळजीने विचारलं.

गॅरेज जालना रोडला होतं. सुनंदा मुकुंदवाडी स्टेशनला उतरून रिक्षाने माझ्याआधीच पोचली होती. गॅरेजचे मालक सलीमभाई गाडीभोवती दोनदा फिरले आणि तिला म्हणाले, “मॅडम, एक बार बसून दाखवा.” तिने दार धरलं, उजवा पाय आत टाकला, अर्धी वाकली आणि थांबली. ओठ आवळून तशीच उभी राहिली. मग हळूच बाहेर आली आणि म्हणाली, “राहू द्या.” तिची काठी तिच्या हातात देताना मला तिच्याकडे बघवेना.

सलीमभाईंनी मला बाजूला घेतलं. “सीट उंच करून देतो साब. पण मग डोकं छताला लागणार. म्हणजे छत कापून वर घ्यावं लागणार, दरवाजाबी. सोच लो. एक बार काटे तो वापस वैसी नई होती.”

“तुमची असती तर काय केलं असतं?”

“मेरी होती तो काटता नई,” ते म्हणाले. मग सुनंदाकडे बघून म्हणाले, “पर मेरी बीवी को बैठना नई था ना इसमें.”

ठरलं असं, की लग्न आटोपून परत येताना मी निर्णय सांगायचा. तेवढ्यात जेवायची वेळ झाली आणि त्यांनी आम्हाला सोडलंच नाही. नान-खलिया (तंदुरातला पिवळसर नान आणि मटणाचा तिखट रस्सा) पुढ्यात आला. मी दोन घास जास्तच खाल्ले. काळजीने माझी भूक कधी मेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला रिक्षाने पुढे पाठवून मी फुलंब्रीला मांडवापाशी गाडी लावली, तोच सुनंदाचे मावसभाऊ दत्तूभाऊ धावत आले. “दाजी, नवरदेव याच गाडीत मारुतीला जाणार! लई भारी दिसंल.” पाहुण्याची गाडी एकदा लग्नघराला आवडली की ती पाहुण्याची राहत नाही. मी चावी खिशात घट्ट धरून नुसता हसलो.

नवरदेव बाहेर आला. डोक्याला फेटा, त्यावर तुरा, कपाळाला हातभर उंच बाशिंग. तो वाकला, तर बाशिंग छताला थडकलं. तिरका झाला, तर तुरा अडकला.

“सोडा की बाशिंग जरा वेळ,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी लग्नच मोडा म्हणालो. “नाय दाजी,” दत्तूभाऊंचा आवाज उतरला. “अक्षता पडल्याबिगर बाशिंग सुटत नसतंय.”

ताशेवाले वाजवून दमले. शेवटी दत्तूभाऊंची बायको घरातून दोन पाट घेऊन आली. “याला वाकवूच नका. पाटावर बसवा आन् आत ढकला.” गाडीच्या दाराशी एकावर एक पाट ठेवले. माझ्याकडून सीटची पाठ पार मागे पाडून घेतली. नवरदेव गाडीकडे पाठ करून पाटांवर टेकला, तसाच मागे सरकत सीटवर गेला, आणि दत्तूभाऊंच्या बायकोने नि करवलीने त्याचे पाय उचलून सरळ आत ठेवले. नवरदेव आडवा, तुरा काचेला, डोळे छताकडे! करवली कलश घेऊन खिडकीशेजारून चालली, मी बैलगाडीच्या चालीने गाडी हाकली, आणि मारुतीपाशी ओवाळणाऱ्या बायका हसता हसता रडल्या.

परत आलो तर सुनंदा पाटांपाशीच उभी. ती हसत नव्हती. “त्याचा गुडघा वाकलाच नाही,” ती म्हणाली. “बघितलंत ना तुम्ही?”

पंगत उठल्यावर तिने कोणाला न विचारता पदर खोचला. पाटांवर बसली, मागे सरकली, मी दोन्ही पाय उचलून आत ठेवले. सीटची पाठ जरा वर घेतली, पट्टा लावला. एकदाही “आई गं” म्हणाली नाही. मी उगीच आरसा पुसत बसलो. पाट दत्तूभाऊंनी आंदण म्हणून दिले.

परतताना गॅरेजपाशी थांबलो, तेव्हा सलीमभाईंनी खिडकीतून डोकावून तिला पाहिलं. “चलो, मेरा काम गया,” म्हणाले आणि खुशीत हसले. गाडी तशीच राहिली, मालकीणही.

परतीच्या रस्त्याला मी फार हळू चालवत होतो. अर्धवट आडव्या सुनंदाला खिडकीतून फक्त आभाळ, विजेच्या तारा आणि झाडांचे शेंडे दिसत.

“काय आहे बाहेर?”

“ऊस.”

“नुसता ऊस? नीट सांगा की.”

मग मी बघायला लागलो. कालव्याच्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या दोघीजणी, कापसाच्या गंजीवर झोपलेला माणूस, एसटीतून हात बाहेर काढून वारा पकडणारी पोरगी. सगळं सांगत गेलो. या रस्त्याने मी कितीदा तरी सुसाट गेलोय आणि स्पीडब्रेकर सोडून मला काहीही आठवत नाही.

घरापाशी गाडी थांबवून मी तिच्या बाजूचं दार उघडलं, पाट मांडले. ती उठेना.

“अगं, घर आलं.”

“कसं दिसतंय, ते सांगा आधी,” ती म्हणाली.