दाराआडची जबानी

सुलतानपुरात दोघांचं बिनसलं की तिसरा माणूस पुंजाजीबुवांच्या ओसरीवर येऊन बसायचा. गळ्यात माळ, जिभेवर ताबा, कुणाचं मिंधेपण नाही. एवढ्या भांडवलावर बुवांनी उभा जन्म लोकांची भांडणं मिटवली. साठीला आले तसे थकले. पण थकलेल्या माणसाला नाही म्हणायलाही बळ लागतं, ते कुठून आणावं?

सोजराबाईचा दावा असाच त्यांच्या गळ्यात पडला. तिचा नवरा गेला, शेताची वाटणी झाली आणि विहीर गेली तिच्या भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, अर्जुनरावांच्या वाट्यात. सोजराबाईचं म्हणणं, विहीर दोघा भावांनी मिळून खोदली, तर माझ्या मिरचीलाही पाण्याची पाळी पाहिजे. अर्जुनराव म्हणत, विहीर माझी एकट्याची. पाणी नसेल तर मिरची वाळणार, आणि मिरचीवरच त्या बाईचं घर चालायचं. मेहकरच्या मुन्सफसाहेबांनी दोघांना विचारलं, पंच चालेल का? दोन्हीकडून एकच नाव आलं. निवाडा लिहून कोर्टात दाखल करा, असा बुवांना हुकूम झाला.

चावडीवर अर्जुनराव भरभरून बोलले. सोजराबाई आलीच नाही. येणार कशी? लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यासमोर तिनं तोंडातून शब्द काढला नव्हता. तिचा भाऊ निवृत्ती बोलला, पण त्याला विहिरीचं काय ठाऊक? शेवटी बुवा एकटेच तिच्या घरी जाऊन ओसरीवर बसले. तिनं दाराआडून सांगितलं: सुरुंग कुणी लावला, मालकाचा पाय दगडाखाली कसा आला, गाळाच्या टोपल्या तिनं स्वतः कशा वाहिल्या. बुवांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. पंचानं एका पक्षाकडं पाणी पिऊ नये, हा त्यांचा नेम. घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि निवाडा लिहिला: आठवड्याचे तीन दिवस पाणी सोजराबाईचं.

अर्जुनरावांनी हरकत घेतली. बुवांना कोर्टात उभं केलं.

"तुम्ही बाईंकडे एकटेच गेला होता?" वकिलांनी विचारलं.

"हाव."

"अर्जुनरावांना कळवलं होतं?"

"नाई. पन पानी बी नाई घेतलं म्या तिथं."

मागं लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "बुवा, तुमच्या मनात खोट नाही, ते दिसतंच. पण आपल्याविरुद्ध काय सांगितलं जातंय, हे अर्जुनरावांनी ऐकायला नको? खोटं असेल तर खोडायला नको?"

"तो समोर असता तं बाई बोललीच नसती, साहेब."

"म्हणजे ती काय बोलली ते न ऐकताच तो हरला."

खरं सांगायचं तर साहेबांचं बोलणं बुवांना पटलं, आणि तेच जास्त लागलं. निवाडा रद्द झाला. दावा पुन्हा कोर्टात चालणार, जबान्या तिथंच, सगळ्यांसमोर.

हे सांगायला बुवा पुन्हा त्याच ओसरीवर गेले. सोजराबाईनं दाराआडून विचारलं,

"म्हंजे मले त्याहिच्यासमोर बोला लागन?"

"हाव, पोरी."

"तुमी तं म्हनले होते, मिटलं."

"म्हनलो होतो."

घरी बुवांच्या बायकोनं, शालूबाईनं, ताट वाढता वाढता सुनावलं, "आता कोनी बलावलं तं सांगून देतो मी, बुवा गेले म्हनून!" बुवांना हसूही आलं नाही.

तारखांवर तारखा पडल्या. एका हंगामाची मिरची वाळून गेली. मग एके दिवशी सोजराबाई कोर्टात उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून. "मोठ्यानं बोला, बाई," कारकून सारखा म्हणायचा. ती बोलली. सुरुंगाचं, पायाचं, टोपल्यांचं, सगळं. वकिलांनी उलटसुलट विचारलं तरी हलली नाही. अर्जुनराव खाली मान घालून ऐकत होते. साहेबांनी तिला पाळी दिली, तीन नाही, दोन दिवसांची.

परतताना ती निवृत्तीबरोबर बुवांच्या गाडीत होती. नाल्याच्या उतारावर मागून अर्जुनरावांची गाडी आली, तशी तिनं पदर ओढला आणि पाठ फिरवली. कोर्टात सुटलेली जीभ तिथंच राहिली.

गाड्या लगत आल्या. पदराआडून हळूच शब्द आले, "बुवा, त्याहिले म्हना, पयली पाळी त्याहिचीच राहू द्या. गहू ओंबीवर आला त्याहिचा."

दोन गाड्यांत हातभर अंतर नव्हतं. तरी बुवा गाडीच्या दांडीला धरून कसेबसे उठले, दमलेल्या आवाजात म्हणाले, "अर्जुनराव, सोजरा म्हंते, पयली पाळी तुमची. गव्हाले घ्या."

अर्जुनरावांनी कासरा आवरला. तिच्याकडं पाहिलं नाही.

"तिले सांगा, बुवा, ऐकलं म्हना."

बुवा तिच्याकडं वळले. "पोरी, ऐकलं म्हंते तो."

तिनं मान हलवली. बुवा मटकन खाली बसले आणि त्यांनी बैल हाकले.