गायब झालेला तिसरा मजला

केडगावच्या प्रज्ञाला एकेकाळी लग्नाचे अल्बम करणारे डोक्यावर घेऊन नाचायचे. रुसून न आलेला मामा ती फोटोत असा बेमालूम बसवायची, की पुढं मामालाही वाटावं, आपण जेवूनच आलो होतो! आता तिनं ड्रोन घेतला होता. इमारतीच्या दर्शनी बाजूचे तुकड्यातुकड्यानं फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकाला एक जोडून अख्ख्या इमारतीचं एकच चित्र करायचं. ते बघून इंजिनिअर ठरवणार, डागडुजी कुठं करायची.

मैत्री सोसायटीचे चेअरमन जालिंदरभाऊ म्हणजे हौसेला मोल नसलेला माणूस. ड्रोन येणार म्हणताच त्यांनी गॅलऱ्या रिकाम्या करायचं फर्मान काढलं. दोऱ्या, कुंड्या, चपला, सगळं आत. मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी इमारत आवरली गेली आणि चारही मजले जुळ्या भावंडांसारखे दिसायला लागले. कॉम्प्युटर फसला. दुसऱ्या मजल्यावर त्यानं थेट चौथा जोडला! प्रज्ञाच्याही ते ध्यानात आलं नाही. चित्र जालिंदरभाऊंकडे गेलं, आणि त्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ठोकून दिलं, 'बिल्डिंग ठणठणीत!'

पहिला फोन तिसऱ्या मजल्यावरच्या भिमाबाईंचा. "का गं पोरी, माजं घर कुठं गेलं? तीनच मजलं दिसत्यात."

प्रज्ञा धावत सोसायटीत आली. "भाऊ, सगळ्यांना आपापली गोधडी कठड्यावर टाकायला सांगा. दोन गोधड्या कधी सारख्या नसतात. मजला ओळखू येईल."

"आवरा म्हनलो तवा बायकांच्या शिव्या खाल्ल्या. आता पसरा म्हनू व्हय?"

पण गोधड्या झळकल्या. ड्रोन वर गेला. प्रज्ञा हातातल्या पडद्यावर बघत होती. तिसरा मजला आला आणि तिनं ड्रोन तिथंच थांबवला. भिमाबाईंची गॅलरी भिंतीला भिडते तिथं आडवा तडा, बोट जाईल एवढा. आधीच्या फोटोतही तो असणारच. पण मजलाच गळाला, तिथं तडा कोण बघणार?

नेमक्या तेव्हाच भिमाबाई गोधडी घेऊन दारात आल्या. एक पाय उंबऱ्याबाहेर.

"आजी, मागं सरा! आत जा!"

ड्रोनच्या घरघरीत काय ऐकू येतंय! त्यांना वाटलं, पोरगी फोटोला उभं राहायला सांगतेय. त्यांनी पदर सारखा केला, हसल्या आणि दुसरा पायही बाहेर टाकला.

प्रज्ञानं ड्रोन सरळ त्यांच्या अंगावर घातला.

"आगं ए सटवे, डोळं फोडतीस का?" भिमाबाई तोंड झाकून मागं सरकल्या. दार धाडकन आपटलं. त्या हादऱ्यानं गॅलरीखालचा सिमेंटचा टवका सुटला आणि जालिंदरभाऊंच्या पायाशी येऊन फुटला. भाऊ टुणकन मागं उडाले.

भिमाबाई भांडायलाच खाली उतरल्या. प्रज्ञा जिन्याशी बसून लॅपटॉपवर फोटो जोडत होती. या वेळी चारही मजले आले. तिनं बोलण्याऐवजी चित्रच त्यांच्यापुढं धरलं. तडा गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता.

भिमाबाई हळूच खालच्या पायरीवर टेकल्या.

"सकाळी तितंच बसून शेंगा सोलल्या की गं म्या."