छपरावर चढणारा आवाज

ती कपडे शिवायची आणि तिचा नवरा टपालाचं छोटं विमान चालवायचा. उतरायला येणाऱ्या विमानाची वाट नेमकी त्यांच्या छपरावरून होती. लग्न नवं असताना तिने विचारलं, "आपल्या घरावर आलं की विमान एकदम का ओरडतं?"

तो तिच्या शिवणयंत्रापाशी बसला आणि टाका लहानमोठा करायच्या खटक्यावर त्याने बोट ठेवलं. "चाक तेवढंच फिरतं, पण टाका लांब ठेवलास की कापड भराभर सरकतं. विमानाच्या पुढच्या पंख्याच्या पात्यांचं तसंच. वर मोकळ्या आकाशात मी पाती जास्त तिरकी करतो. एका फेरीत विमान लांब जातं, इंजिन सावकाश फिरतं, इंधन वाचतं. धावपट्टीवरून उठताना आणि उतरताना पाती चपटी करायची. ती हवेचा लहान घास घेतात, इंजिन मोकळं होऊन जोरात फिरतं."

"उठताना ठीक. उतरताना जोर कशाला?"

"उतरणं फसलं तर? पुन्हा वर उठायला सगळी ताकद हाताशी नको?"

खरं तर पाती चपटी करायची लिव्हर इतक्या लवकर पुढे सारायची गरज नसे. पण तो घरावरच सारायचा. आवाज चढला की ती शिवण बाजूला ठेवून चहाला आधण ठेवायची.

तो गेला, पण विमानात नाही. जिन्यात छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही.

विमान त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एका पायलटकडे गेलं. संध्याकाळी घरघर जवळ यायची आणि छपरावर आवाज चढायचा. अगदी तसाच. तिचा पाय यंत्रावर थिजायचा. शेवटी ती धावपट्टीवर गेली.

"भावजी, ती लिव्हर माझ्या घरावर नका सारू. काळजाचं पाणी होतं माझ्या."

तो गोंधळला. "वहिनी, मी तिथे तिला हातही लावत नाही. अगदी खाली, इंजिन मंद केल्यावर सारतो. तेव्हा आवाज चढतच नाही."

"मला रोज ऐकू येतो."

त्याने विमानाकडे बोट केलं. "उद्या माझ्या शेजारी बसून या."

दुसऱ्या दिवशी ती बसली. परतताना खाली तिचं घर आलं, दोरीवरचे कपडे दिसले. पायलटचा एक हात सुकाणूवर, दुसरा गुडघ्यावर. आणि आवाज चढला. तिच्या दातांपर्यंत पोचला. समोरच्या तबकडीवरचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मात्र जागचा हलला नव्हता.

"आला का आवाज?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

तिचा चेहरा पाहून त्याला वाटलं, बाईला तो आवाज हवाच आहे. त्या दिवसापासून तो खरंच तिच्या घरावर लिव्हर सारू लागला. आता आवाज दोनदा चढायचा. तिने त्याला कधी सांगितलं नाही.

लग्न होऊन दूर गेलेली तिची मुलगी तिला कायमचं आपल्याकडे न्यायला आली. दोघी कपाटातली भांडी बांधायला काढत होत्या, तेवढ्यात घरघर ऐकू आली. आईचा हात थांबला.

"काय झालं, आई?"

"थांब. आधी बाबा येतात. मग भावजी."

मुलीने कान दिला. तिला चढणारा आवाज एकदाच ऐकू आला. तिने काढलेली भांडी एकेक करून पुन्हा कपाटात लावली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली.