'सरी' म्हणजे हो नव्हे

बस बोम्मसंद्र्याच्या पुढे सरकली तशी रक्षितानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. आनेकल आता लांब नव्हतं.

"अक्का, तिथली कडी आतून की बाहेरून?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, आपण व्हिजिटर आहोत. आपल्याला कोण कोंडतंय?" शेजारी बसलेली नयना म्हणाली. नयना पुण्याची, इथं बंगळुरात जयनगरच्या मदत केंद्राचं काम बघते. मनानं चांगली, पण कधी कोंडली गेलेली नाही.

रक्षिताला कोंडलं, तेव्हा तीही व्हिजिटरच होती. वडील विठोजी गेल्यावर मावशीनं तिला "चल, नुसतं बघून येऊ" म्हणत 'अशा' लोकांच्या एका वसतिगृहात नेलं. मॅनेजरनं चहा पाजला आणि विचारलं, "राहशील ना इथं?" रक्षिता म्हणाली, "सरी." कानडीतलं 'बरं'. त्यांच्या घरच्या मराठीत ते पिढ्यान् पिढ्या मुरलेलं. समोरच्यानं आवाज चढवू नये म्हणून ती ते दिवसातून पन्नासदा म्हणायची. त्या एका 'सरी'वर कागदाला अंगठा लागला आणि ती अकरा महिने आत राहिली.

फायलीत तिला मतिमंद लिहितात. तिला विचाराल तर म्हणेल, "माझं डोकं पायी चालतं, तुमचं बसनं. पोचतो दोघं." आज छत्तिसाव्या वर्षी ती केंद्रात 'साथी' आहे. तिच्यासारखं डोकं पायी चालणाऱ्यांच्या शेजारी बसायचं, त्यांना काय हवं ते त्यांच्या तोंडून निघेपर्यंत बसायचं, हे तिचं काम. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही तिची डिग्री.

आज बसायचं होतं मल्लाप्पाच्या शेजारी. त्याच्या भावानं त्याला आनेकलच्या तशाच एका वसतिगृहात आणलं होतं. अंगठा लागला की मल्लाप्पा कायमचा आत.

गेटची कडी बाहेरूनच होती. वॉचमननं गजांतून हात घालून ती त्यांच्या मागे लावली. त्या खणखणाटासरशी रक्षिता मागे वळली; वॉचमननं दोघींना पुढे घालून आत आणलं.

ऑफिसात मॅनेजर पद्मनाभ शाईचा पॅड उघडून तयार होता. समोर मल्लाप्पा, चाळिशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला, तळहात मांड्यांवर. भाऊ खिडकीशी उभा. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले.

"त्यानं हो म्हटलंय, मॅडम," पद्मनाभ नयनाला म्हणाला. रक्षिताकडे त्यानं पाहिलंही नाही. "दोनदा विचारलं मी."

रक्षितानं खुर्ची ओढून मल्लाप्पाला लावली. पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि कानडीत विचारलं, "अण्णा, इथं राहायचं?"

"सरी."

"घरी जायचं?"

"सरी."

"विहिरीत ढकलू तुला?"

"सरी."

भाऊ फिसकन हसला. मग हसू तोंडातच विरलं. तो मल्लाप्पाकडे बघत राहिला.

"हे 'हो' नाही, सर," रक्षिता म्हणाली. आवाज चिरकला. "ही भीती आहे. मला ठाऊक आहे."

पद्मनाभचा पारा चढला. "नाटकं पुरे! तुम्ही जरा त्या खोलीत बसा. मी मॅडमशी बोलतो. बसताय ना?"

त्यानं आतल्या दाराकडे बोट केलं. त्या दारालाही बाहेरून कडी.

"सरी," रक्षिता म्हणाली.

शब्द तोंडातून सुटताच तिला कळलं, काय झालं ते. तरी ती उठली. पायच उठले. अकरा महिन्यांची सवय, ती थोडीच विचारून येते? वॉचमन पुढे येऊन कडीला हात घालून उभा राहिला. नयना म्हणत होती, "एक मिनिट, एक मिनिट हं," पण ते रक्षिताला विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू येत होतं. दाराला तीन पावलं उरली. दोन.

पिशवीला हिसका बसला. मल्लाप्पानं मागून येऊन तिचा बंद धरला होता.

"बेडा," तो म्हणाला. नको. मग खोल श्वास घेऊन, अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं, "अक्काला बेडा! कडी बेडा!"

स्वतःसाठी त्याच्या तोंडून जे निघालं नव्हतं, ते तिच्यासाठी निघालं. वॉचमनचा हात कडीवरून खाली आला.

रक्षिता वळली. गाल भिजले होते, पण जीभ जागेवर आली होती. "आणि तुला, अण्णा? कडी?"

"बेडा. मला पण बेडा."

"लिहा सर," रक्षिता म्हणाली. "त्यानं नको म्हटलं. दोनदा विचारायची गरज नाही."

पद्मनाभनं भावाकडे पाहिलं. भावानं डोळे चोळले. "माझी पाळी असते, बायको आजारी. मी तरी काय करू?" तो पुटपुटला. मग त्यानं मल्लाप्पाच्या गळ्याशी आवळलेलं वरचं बटण सोडलं. "चल. पंधरा दिवस बघू."

पंधरा दिवस. त्यानंतर पुन्हा हाच पॅड, हीच कडी, हे तिथं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

परतीच्या बसमध्ये रक्षिताचे दात वाजत होते, भर दुपारी. नयनानं डायरी उघडली.

"गुरुवारी मल्लाप्पाच्या घरी जायचंय. येशील?"

"सरी."

नयनानं मान डोलावली नाही. ती थांबली. मग हळूच म्हणाली, "की मी एकटी जाऊ?"

रक्षितानं खिडकीबाहेर पाहिलं.

"बेडा," ती म्हणाली. "मी येते."