सरव्याला इंग्रजीत काय म्हणतात

मॅट्रिकला दोन वर्षं उरली असताना खामगावच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला पुण्याकडचे एक नवे मास्तर आले. तोवर आम्ही इंग्रजी शब्द पाठ करत होतो. नागपूरच्या परीक्षेत जे येईल ते घोकायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. या मास्तरांनी वह्यांना तीन रकाने पाडायला लावले. पहिल्यात अवघड शब्द, दुसऱ्यात डिक्शनरीतला अर्थ, तिसऱ्यात स्वतःचं वाक्य. आठवड्याला दहा शब्द. वाक्याला त्यांची एकच अट होती, ते खरं असलं पाहिजे. पुस्तकातला राजा आणि पुस्तकातलं जहाज चालणार नाही.

'रिलक्टंट', म्हणजे नाखूश, या शब्दाला मी लिहिलं होतं की आमचा पांढरा बैल नदीत उतरायला रिलक्टंट असतो. मास्तरांनी वही वाचून विचारलं, "मग शेवटी उतरतो तेव्हा आधी कोणता पाय टाकतो?" मी आयुष्यभर तो बैल पाहत आलो होतो आणि मला सांगता येईना. त्या दिवसापासून मला त्या तिसऱ्या रकान्याची ओढ लागली. माझ्या तोंडून 'मले' निघालं की मास्तरांना हसू येई आणि ते 'मला' म्हणायला लावत. त्याचा राग यायचा. पण तेवढ्यासाठी मी वही कधी चुकवली नाही.

एका आठवड्याच्या यादीत 'ग्लीन' हा शब्द आला. वर्गात एकच डिक्शनरी होती, ती मास्तरांच्या टेबलावर असे आणि आम्ही पाळीपाळीने उतरून घेत असू. अर्थ वाचला तर काही उलगडेना. कापणाऱ्यांनी मागे सोडलेले धान्याचे 'इअर' गोळा करणे. इअर म्हणजे कान, एवढं पहिल्या पुस्तकातच शिकलो होतो. धान्याला कान? शेजारच्या मुलाने सरळ कान लिहून टाकले. मी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. कापणारे पुढे जातात, मागे काहीतरी राहतं, ते कुणीतरी वेचतं. मग एकदम लक्षात आलं, कान नव्हे, कणीस. आणि कणसं वेचणं म्हणजे तर आपला सरवा.

गावी, सुलतानपुरात, आमचं थोडकं शेत होतं, पण माय माहेरी असताना त्यांच्याकडे तेही नव्हतं. लोकांची ज्वारी कापून झाली की ती त्यांच्या रानात सरवा वेचायला जाई. मी तिसऱ्या रकान्यात तेच लिहिलं. खरं वाक्य तेवढंच सुचलं होतं. लिहिताना काही वाटलं नाही.

मास्तरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं तेव्हा मात्र कान तापले. वर्गात मोठ्या जमीनदारांची पोरं होती, कापसाच्या जिनवाल्यांची होती. मागून कुणीतरी म्हणालं, याची माय लोकाइच्या वावरात हिंडे, आणि चार-पाच जण हसले. मास्तर त्यांना रागावले नाहीत. त्यांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते माझ्याकडेच पाहत होते. ग्लीनला मराठीत ते नुसतं 'वेचणे' सांगत आले होते, असं म्हणाले, आणि मी काय शब्द म्हणतो ते पुन्हा विचारून फळ्यावर 'सरवा' लिहिलं. मग त्यांनी विचारलं, कणसांनी पदराची एक ओटी भरायला किती वेळ लागतो?

मला ठाऊक नव्हतं.

"विचारून ये," ते म्हणाले.

सुट्टीत मेहकरपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने घरी गेलो. दोन दिवस विचारायचं धाडस झालं नाही. शाळेत आपल्या गरिबीचा बोभाटा केला म्हणून ती दुखावेल, असं वाटत होतं. शेवटी ती तुरीची डाळ पाखडत बसलेली असताना सगळं सांगितलं, पोरं हसली तेही सांगितलं. तिचं सूप थांबलं. ती हसण्याबद्दल बोललीच नाही.

"म्हंजे सरव्याले साहेबाच्या बोलीत बी शब्द हाय?"

"हाव."

"शब्द हाय म्हंजे त्याइच्या मुलखात बी बाया येचत असतीन. काय रे, येचू देत असतीन का हाकलत असतीन?"

ओटीचं उत्तर तिने लगेच दिलं. सकाळी गेलं तर ऊन डोक्यावर येईतो एक ओटी, आणि आधी कुणी फिरून गेलं असलं तर तेवढीही नाही. पण तिचा प्रश्न मी परत नेला.

मास्तरांनाही त्याचं उत्तर येत नव्हतं, आणि तसं त्यांनी कबूल केलं. पुढचे कितीतरी दिवस ते शाळेच्या कपाटातली जुनी पुस्तकं चाळत होते. एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. तिकडे विलायतेत काही गावांत म्हणे सकाळी चर्चची घंटा वाजे. ती वाजेपर्यंत कुणी रानात पाय टाकायचा नाही. घंटा झाली की सगळ्या बाया एकदम शिरत.

पुढच्या सुट्टीत हे मायला सांगितलं.

"मंग म्हाताऱ्याइले बी भेटत असन," ती म्हणाली. "आमच्यात जो आधी पोचे त्याचं. माही आजी कधी पोचतच नसे."

ही आजी मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. त्या दुपारी ती तिच्याबद्दल बोलत राहिली.

मी मॅट्रिक झालो, त्याच्या आधीच मास्तरांची बदली झाली होती. जाताना त्यांच्या वहीत आमच्याकडचे पुष्कळ शब्द होते आणि 'मले'ला हसणं कधीचं बंद झालं होतं. वर्षभराने त्यांचं एक कार्ड आलं. ज्वारी कापल्यावर जमिनीत जे टोकदार बुडखे उरतात त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, हे आपल्या मातोश्रींना विचारून कळवावे.

मी कार्ड वाचून दाखवलं. मायने दोनदा वाचायला लावलं.

"धसकट म्हणून लिही," ती म्हणाली. "आन् खाली लिही का एकडाव अनवाणी चालून पाहा म्हणा त्याच्यातून. मंग इसरणार नाई."

मी दोन्ही लिहून पाठवलं.