चणेवाले, अंडेवाले आणि मधूचं लग्न

सत्तरच्या दशकात प्रताप नगरातल्या आमच्या व्यायामशाळेत माणसं घाम कमी गाळत आणि वाद जास्त घालत. त्यामुळे कोणाचे दंड फारसे वाढले नाहीत, किस्से मात्र वाढत गेले!

वाद एकच, ताकद चण्यात की अंड्यात? चण्याच्या बाजूने आमचे उस्ताद गुलाबराव, अंड्याच्या बाजूने माझा दोस्त मधू. एकदा उस्ताद गरजले, "हत्ती काय खाते? गवत! त्याले कधी अंडं खाताना पाह्यलं का गा?"

मधू म्हणाला, "म्हणूनच त्याले कंबर नाही, उस्ताद!"

*

उस्तादांनी अंड्यांवर बंदी घातली. मधू सदऱ्याच्या खिशात लपवून आणू लागला. एक दिवस उस्तादांनी त्याला आल्या आल्या, सदऱ्यासकट दंड मारायला लावले. छाती जमिनीला टेकली आणि व्हायचं ते झालं.

"मध्या, तुले घाम पिवळा काहून येऊन राहिला?"

*

दंडाचं मापही उस्तादच घेत. चणेवाल्याचा दंड फुगवून मोजायचा, अंडेवाल्याचा लोंबता! मधू भडकला तर म्हणाले, "चण्याले फुगू द्या लागते गा!"

*

सकाळी पोटभर भिजवलेले चणे खाऊन चणेवाले आखाड्यात उतरत. सावनेरहून कुस्तीला आलेला एक पैलवान एकदा नाक दाबून बाहेर पळाला, तो परत आलाच नाही. उस्तादांनी लगेच आमचा गडी विजयी ठरवला. "पाह्यली चण्याची ताकद?"

*

पुढे मधूचा जीव उषावर जडला. तिच्यासाठी बिचारा खरंच झुरत होता. पण तिचं घर कडक शाकाहारी, आणि वडिलांची अट एकच: जावई अंड्याला शिवलेला नको. शेवटी मधूने उस्तादांचेच पाय धरले. उस्ताद आणि मी त्याच्यासोबत उषाला मागणी घालायला गेलो.

वडिलांनी मधूचा दंड दाबून पाहिला. "हे सारं चण्याचं?"

"निव्वळ चण्याचं!" उस्ताद छाती काढून बोलले. इतक्या वर्षांच्या अंड्यांचं श्रेय चण्याला मिळत होतं, उस्ताद कशाला सोडतात?

वडील खूश झाले. उस्तादांना परसातली भाजी दाखवायला घेऊन गेले. तेवढ्यात उषा पोहे घेऊन आली. बशी ठेवत हळूच म्हणाली, "तुमी खरंच अंडं खात नाही?"

"शप्पथ! मले तर वासही सहन होत नाही."

उषाने बशी परत उचलली.

"मंग राहू द्या. मले वाटलं, लग्न झाल्यावर तरी कोणी आमलेट खाऊ घालन!"